चोळू नका, बाय

अठरा जून रस्त्यावर, जेवणाच्या सुट्टीत,
एल्टननं उजव्या मनगटावर एकच फवारा मारला.
सवयीनं दोन्ही मनगटं घासायला गेले तर ओरडलाच,
'चोळू नका, बाय! चोळलं की मरतो तो.'
जणू माझ्या हातावर अंड्यातून पिल्लू निघत होतं.
'आत्ता आहे ते वरवरचं. खरा काय तो रात्री बोलेल.'
किंमत माझ्या निम्म्या पगाराएवढी.
मी म्हटलं, बघते.
तो म्हणाला, बघा.
दिवसाकाठी वीस जणी तरी असं बघून जात असतील.

पहिली वीस मिनिटं नुसतं ईडलिंबू.
सालीला नख लागताच डोळ्यांत उडतं, तसलं.
फेरफारांच्या फायलींवरची धूळदेखील
जरा ताठ बसल्यासारखी वाटली.
पलीकडच्या टेबलावरून लिंडानं विचारलं,
'कुणी काय सोललं गो?'

तीनच्या चहाला लिंबू नव्हतं.
कधी गेलं, जाताना पाठही दिसली नाही.
त्याच्या जागी एक फूल. नाव सांगता येईना.
नाव नसलेल्या पाहुण्याला बसा तरी कसं म्हणायचं?
त्यात सकाळी बाजारातून घेतलेला सुरंगीचा वळेसर
अंबाड्यावर उन्हानं तापून पुढं पुढं करत होता.
दोघांचं काही केल्या जमेना.
एक माझ्या ओळखीची, पंचवीस रुपयांची,
दुसरी विमानातून उतरलेली.
साडेचारपर्यंत मात्र दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून पेंगत होत्या,
आणि मला कुठली कोण हे सांगता येत नव्हतं.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी उशिरा.
डिझेल, खारफुटीचा चिखल,
कुणाच्या तरी पिशवीतले सुके बांगडे.
सगळे येऊन मनगटावर टेकले, आणि त्यानं कुणाला नाही म्हटलं नाही.
अत्तराला सोवळं नसतं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

घरी तारले डाव्या हातानं साफ केले.
भांडी डाव्या हातानं.
उपेंद्रनं दारातून पाहिलं. 'हात भाजला काय?'
'नाही.'
'मग?'
मग काय सांगायचं?
एक जण बोलायचा आहे अजून,
त्याची वाट बघतेय, असं?

साडेदहाला दिवा मालवला.
फूल सरलं होतं. गोडवा होता थोडा, तळाला लागलेला.
मनगट नाकाशी नेलं
आणि तिथं राळ होती.

राळच. पिवळट, ठिसूळ, कापडाच्या चिंधीत गुंडाळलेली.
मेस्त कायतान धनुकलीवर घासायचे ती.
चोडणच्या पाद्रींच्या शाळेत, मधल्या सुट्टीत,
सात मुलांमध्ये मी एकटी कुंकू लावणारी.
पांढरी पूड फ्रॉकवर सांडायची,
घरी आई झटकायची, काही विचारायची नाही.
दोन वर्षं. दो रे मी,
मग मोठ्यांदा हसणारी एक धून, तिचं अर्धं.
व्हायोलिन शाळेचंच होतं. सातवीनंतर शाळेत राहिलं.
कुणी हिसकावलं नाही, मी रडले नाही,
सांगण्यासारखं त्यात काहीच नाही.
म्हणून तर कुणाला सांगितलं नव्हतं,
मलासुद्धा.

एल्टनच्या बाटलीत हे कुणी भरलं?
की बाटलीत नव्हतंच,
दहा तास माझ्याच कातडीवर मुरून
माझंच वर आलं?
उद्या त्याला विचारावं. विचारलं तर विकत घ्यावं लागेल.

बाहेर खाजनाच्या बांधावर कुणीतरी बॅटरी मारत चाललं होतं.
मनगट तसंच नाकाशी,
आणि हनुवटी आपोआप डाव्या खांद्याकडे झुकलेली,
तिथं काहीच नसताना.

'मान अवघडली काय?' अंधारातून उपेंद्र.
'हं,' मी म्हटलं.
'चोळू?'
'नको,' मी म्हटलं. 'चोळू नका.'